वारा समुद्राला पकडतो कुठे? तौक्तेच्या निमित्ताने थोडं सायन्स

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईवर आदळलं असं आपण सगळेच बोलतो, पण खरं तर ते मुंबईवर आदळलंच नाही, दीडेकशे किलोमीटर लांबून समुद्रातूनच वर गुजरातकडे सरकलं आणि रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्याला लागलं. तरीही कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, गेटवेला लाटा कठड्यावरून आत येत होत्या, आणि हीरा तेलक्षेत्रात २६१ माणसं असलेला पी-३०५ बार्ज नांगर तुटून भरकटला आणि संध्याकाळी बुडाला, त्यातली सत्तरपेक्षा जास्त माणसं गेली. दिवसभर टीव्हीवर "समुद्र खवळला, समुद्र खवळला" चालू होतं. आता खवळला म्हणजे नेमकं काय झालं? हवा पाण्यापेक्षा साधारण ८०० पट हलकी असते, मग एवढी हलकी गोष्ट एवढ्या जड गोष्टीला उचलून आपटते कशी? आणि मला त्याहून जास्त इंटरेस्टिंग वाटतो तो उलटा प्रश्न, की समुद्र वाऱ्याचं काय करतो? कारण हे एकतर्फी प्रकरण नाहीये, आणि वारा ताशी शंभरच्या पुढे गेला की यात एक ट्विस्ट येतो जो शास्त्रज्ञांनाही २००३ पर्यंत नीट मोजता आला नव्हता.

सुरुवात अगदी साध्या वाऱ्यापासून करू. एकदम शांत पाणी घ्या, खाडीतलं सकाळचं समजा. वारा अगदीच मंद असेल तर पाणी आरशासारखं राहतं. ताशी पाच-सात किलोमीटरची झुळूक आली की त्यावर बारीक बारीक सुरकुत्या उठतात, आणि झुळूक थांबली की लगेच गायब. वारा कधीच एकसारखा वाहत नाही, त्यात भोवरे असतात, दाब कमी-जास्त होत असतो, आणि तो दाब पाण्याचा पृष्ठभाग किंचित वर-खाली करतो. दोन लाटांमधलं अंतर पावणेदोन सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर त्या लाटेला परत सपाट करायचं काम मुख्यतः पृष्ठताण करतो, त्याहून मोठी लाट असेल तर गुरुत्वाकर्षण करतं. शाळेत पृष्ठताण शिकवताना पाण्यावर चालणारा किडा दाखवतात, पण समुद्राच्या बाबतीत पृष्ठताणाचं खरं महत्त्व इथे आहे, कारण वाऱ्याला पाणी धरायला पहिली जागा मिळते ती याच सुरकुत्यांमध्ये. पाणी अगदी गुळगुळीत असेल तर वारा त्यावरून बराचसा घसरून जातो.

याचा पुरावा बेंजामिन फ्रँकलिनने (हो तोच, विजेवाला) दाखवला होता. लंडनजवळ क्लॅपहॅमला एक तळं होतं, वाऱ्याने पाणी हलत होतं, त्याने चमचाभर तेल टाकलं आणि बघता बघता अर्धा एकरभर पाणी सपाट झालं. हे त्याने १७७४ मध्ये रीतसर छापलं. तेलाचा इतका पातळ थर लाटा कसा अडवणार? तो मोठी लाट अडवतच नाही, तो फक्त बारीक सुरकुत्या मारून टाकतो, आणि त्या नसल्या की वाऱ्याला पकडच मिळत नाही. जुने खलाशी वादळात जहाजाच्या बाजूने तेल सोडायचे ते उगाच नाही. आपल्याकडेही बंदरात बोटींच्या आसपास डिझेलचा तवंग असतो तिथे बघा, बाजूचं पाणी थरथरत असतं आणि तवंगाचा पट्टा चकचकीत गुळगुळीत.

सुरकुत्यांपासून मोठी लाट कशी होते हा प्रश्न मात्र खूप वर्षं छळत होता. १९२५ मध्ये हॅरोल्ड जेफ्रीज म्हणाला की लाटेच्या मागच्या बाजूला वारा ढकलतो आणि पुढच्या बाजूला लाटेच्या आडोशाला दाब कमी असतो, म्हणून लाट वाढते. ऐकायला एकदम पटतं, पण साध्या, न फुटणाऱ्या लाटांवर हा आडोशाचा परिणाम जेवढा लागतो तेवढा मिळेना. मग १९५७ मध्ये फिलिप्स आणि माइल्स या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळी उत्तरं दिली. फिलिप्सचं म्हणणं की वाऱ्यातल्या दाबाच्या गडबडीशी ज्या लाटेचा स्पीड जुळतो ती लाट वाढत जाते, हे सुरुवातीला. आणि माइल्सचं म्हणणं की एकदा लाट उभी राहिली की ती स्वतःच वरच्या हवेचा प्रवाह वाकवते, दाबाचं पॅटर्न लाटेच्या जरासं मागे-पुढे सरकतं आणि त्यामुळे दर फेरीला वाऱ्याकडून थोडी थोडी एनर्जी लाटेत जात राहते. म्हणजे लाट मोठी झाली की ती वाऱ्याला जास्त वाकवते, वारा जास्त वाकला की लाटेत जास्त एनर्जी, की लाट अजून मोठी. स्वतःलाच खतपाणी घालणारा प्रकार.

मग लाट किती मोठी होणार? तीन गोष्टींवर आहे सगळं: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून वाहिला. हे तिसरं लोक नेहमी विसरतात. ठाण्याच्या खाडीत ताशी ५० चा वारा आला तरी लाट फूट-दोन फुटांच्या वर जात नाही, पाणीच संपतं ना पुढे. तोच वारा, ताशी ५४ किलोमीटर म्हणू, मोकळ्या समुद्रावर शेकडो किलोमीटर आणि दीड-दोन दिवस सलग वाहिला तर साडेचार-पाच मीटरच्या लाटा होतात आणि मग वाढायच्या थांबतात, कारण तोपर्यंत लाटा जवळपास वाऱ्याच्याच वेगाने पळायला लागलेल्या असतात, मग वारा ढकलणार काय? खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या कालावधीवर असतो, दहा सेकंदांची लाट ताशी ५६ किलोमीटरने जाते. गंमत म्हणजे तिची एनर्जी मात्र याच्या निम्म्या वेगाने जाते. तरीही ती जात राहते, वारा थांबला तरी जात राहते, हजारो किलोमीटर. म्हणून इथे पान हलत नसताना समुद्रात लांब लांब गुळगुळीत फुगवटे येतात, ते कुठल्यातरी दूरच्या वादळाने काल-परवा किंवा आठवडाभरापूर्वी केलेले असतात. केरळच्या किनाऱ्यावर एप्रिल-मे मध्ये आकाश निरभ्र असताना पाणी घरात शिरतं, ते दक्षिणेकडच्या महासागरातून आलेल्या अशाच लाटांमुळे.

चक्रीवादळात अजून एक भर पडते. तौक्ते उत्तरेकडे जात होतं. आपल्या गोलार्धात चक्रीवादळातला वारा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे वादळ उत्तरेला चाललं असेल तर त्याच्या उजव्या अंगाला, पूर्वेला, म्हणजे नेमकं महाराष्ट्राच्या बाजूला, वारा पण दक्षिणेकडून उत्तरेकडेच वाहतो. वाऱ्याचा वेग अधिक वादळाच्या स्वतःच्या सरकण्याचा वेग. आणि त्या बाजूच्या लाटा पण उत्तरेलाच निघतात, वादळ त्यांच्यासोबत चालतं, त्यामुळे त्या लाटा वाऱ्याच्या तावडीतून सुटतच नाहीत, जास्त वेळ मार खातात आणि जास्त वाढतात. केरळ, कर्नाटक, गोवा, कोकण, मुंबई, सगळे तौक्तेच्या उजव्या हाताला होते. वादळ लांबून गेलं म्हणून वाचलो हे अर्धंच खरं, कारण गेलं ते आपल्याला वाईट बाजूला ठेवून.

आता फेसाकडे येऊ. ताशी १२ ते २० किलोमीटरच्या वाऱ्यात समुद्रावर कुठे कुठे पांढरे तुरे दिसायला लागतात. लाट फार उभी झाली की तिचा माथा कोसळतो, हवा पाण्यात कोंडली जाते, बुडबुडे होतात. फ्रान्सिस ब्यूफोर्टने १८०५ मध्ये वाऱ्याचं जे माप ठरवलं ते मुळात जहाजाच्या शिडांवरून होतं, किती शिडं उभारता येतील वगैरे, नंतर शिडं गेली आणि समुद्र कसा दिसतो यावरून ते माप लिहिलं गेलं. सातव्या नंबरला फेसाचे पट्टे वाऱ्याच्या दिशेने लांब लांब ओढले जायला लागतात. दहाव्याला समुद्र पांढरट दिसतो. बाराव्याला, ताशी ११८ च्या पुढे, हवाच फेसाने आणि तुषारांनी भरलेली असते, समुद्र पूर्ण पांढरा. बोटीवरच्या माणसाला आकडा कळायची गरज नाही, पाण्याचा रंग बघूनच वारा किती ते कळतं.

फेसाच्या या पट्ट्यांसारखेच पट्टे कमी वाऱ्यातही दिसतात. अर्विंग लँगम्यूर नावाचा शास्त्रज्ञ १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडत होता, त्याला समुद्री गवत सरळ रांगांमध्ये, वाऱ्याच्या दिशेला समांतर लागलेलं दिसलं. त्याने नंतर तलावावर प्रयोग करून १९३८ मध्ये छापलं की पृष्ठभागाखाली पाण्याचे लांब आडवे रोल फिरत असतात, शेजारचे दोन रोल उलट दिशांना फिरतात, त्यामुळे जिथे पाणी एकत्र येऊन खाली जातं तिथे तरंगणारी घाण, फेस, गवत जमतं. कोकणात कुठेही जरा उंचावरून, किल्ल्याच्या तटावरून वगैरे, वाऱ्याच्या दिवशी बघा, दिसतात या रेघा. आणि हे रोल नुसते दिसायला नाहीत, वरची उष्णता आणि ऑक्सिजन खाली नेण्याचं मोठं काम हे करतात.

बरं, आता मुद्द्याचं. वारा समुद्राला किती जोर लावतो? ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटर पाण्यावर जी ओढ लागते ती साधारण १६ ग्रॅम वजनाएवढी असते. फुटकळ वाटतं, पण एका चौरस किलोमीटरला १६ टन झाली, आणि अरबी समुद्र किती चौरस किलोमीटर आहे ते बघा. आता वारा दुप्पट करा, ताशी ७२. साध्या हिशोबाने ओढ चौपट व्हायला हवी, वेगाच्या वर्गाने वाढते म्हणून. प्रत्यक्षात होते पाचपटीपेक्षा जास्त, ९० ग्रॅमच्या आसपास, कारण मधल्या काळात समुद्र खडबडीत झालाय आणि वाऱ्याची पकड वाढलीये. १९५५ मध्ये चारनॉक नावाच्या माणसाने याचं एक छोटंसं सूत्र दिलं जे आजही हवामानाच्या मॉडेलांमध्ये थोड्याफार फरकाने वापरतात: ओढ जितकी जास्त तितका पृष्ठभाग खडबडीत, आणि खडबडीत तितकी ओढ जास्त.

कित्येक वर्षं असंच गृहीत धरलं होतं की हे पुढेही चालूच राहील. ताशी १५०, २००, वारा वाढेल तशी पकड वाढतच जाणार. इतक्या वाऱ्यात मोजायला जाणार कोण? बोट टिकत नाही, मोजमापाचा तरंगता बोया टिकत नाही. म्हणून कमी वाऱ्यातला आलेख पट्टी लावून पुढे ओढायचे.

पण इथे एक घोळ होता. चक्रीवादळ जगतं ते समुद्रातून बाष्प आणि उष्णता घेऊन, आणि मरतं ते पृष्ठभागाशी घासून. घासणं वाऱ्याच्या वेगासोबत इतकं झपाट्याने वाढत असेल आणि उष्णता मिळणं त्या मानाने वाढत नसेल, तर एका ठरावीक वेगाच्या पुढे वादळ जाऊच शकणार नाही, स्वतःच्याच घर्षणात थांबेल. केरी इमॅन्युएल या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९९५ मध्ये हे गणित मांडून दाखवलं, की पकडीचा तो जुना आलेख खरा असता तर आपल्याला दिसणारी सगळ्यात भयानक वादळं अस्तित्वातच नसायला हवी होती. आणि ती तर आहेत. म्हणजे आलेखच कुठेतरी चुकत होता.

उत्तर विमानातून टाकलेल्या नळ्यांनी दिलं. अमेरिकेत हरिकेनमध्ये विमान घुसवतात आणि वरून छोटी जीपीएस लावलेली उपकरणं पॅराशूटने खाली सोडतात, ती पडता पडता अर्ध्या सेकंदाला वाऱ्याचा वेग पाठवत जातात, अगदी पाण्याला टेकेपर्यंत. मार्क पॉवेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ ते १९९९ मधले असे तीनशेहून जास्त रेकॉर्ड घेतले आणि पाण्याजवळ येताना वारा किती मंदावतो यावरून पकड काढली. २००३ मध्ये छापून आलं की ताशी १२० च्या आसपास पकड वाढायची थांबते, आणि त्यापुढे तर थोडी कमी झाल्यासारखी दिसते. पुढच्याच वर्षी मायामीच्या एका टाकीत पाण्यावर पंख्याने वादळ तयार करून मोजलं तर तिथेही साधारण त्याच वेगाला पकड थांबलेली.

म्हणजे काय झालं विचार करा. लाटा वाढतायत, समुद्र उकळल्यासारखा दिसतोय, आणि वाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो होता त्यापेक्षा जास्त खडबडीत होतच नाहीये. ताशी १४४ ला जुन्या आलेखाप्रमाणे चौरस मीटरला ६०० ग्रॅमची ओढ यायला हवी होती, मिळते ४०० च्या जवळपास. वाचलेली एनर्जी वादळाच्या वाऱ्यातच राहते.

कारणं एकापेक्षा जास्त सांगतात आणि त्यावर अजून भांडणं चालू आहेत. एक असं की लाटांचे माथे इतके उभे होतात की वारा एका माथ्यावरून सुटतो तो थेट पुढच्या माथ्यालाच टेकतो, मधल्या खळग्यातली बारीकसारीक खडबड त्याला लागतच नाही. (जेफ्रीजचा आडोसा आठवतोय? फुटणाऱ्या लाटांच्या बाबतीत तो तितकाही चुकला नव्हता.) दुसरं असं की वारा लाटांचे माथे कापून पाण्याचे थेंब उडवतो, फेसाच्या चादरी पसरतात, आणि पाणी आणि हवा यांच्यामध्ये एक तिसराच थर तयार होतो, जो धड पाणी नाही धड हवा नाही. बारीक सुरकुत्या, ज्यांच्यापासून सगळं सुरू झालं, त्या या फेसाखाली दबून जातात. मला वैयक्तिक पहिलं कारण जास्त पटतं, पण ताशी २०० च्या वाऱ्यात खाली उतरून कुणी बघितलेलं नाहीये त्यामुळे पैज लावणार नाही.

थेंबांची अजून एक बाजू आहे. वाऱ्यात उडालेला प्रत्येक थेंब हवेत असताना बाष्प सोडतो, म्हणजे समुद्राचा हवेला लागणारा एरिया अचानक खूप वाढतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.७ युनिट वीज लागेल एवढी उष्णता लागते, ती उष्णता समुद्रातून निघते, बाष्पासोबत वर जाते आणि ढगात पाणी होताना परत सुटते. वादळाचं इंजिन यावर चालतं. तौक्तेच्या वेळी अरबी समुद्राचं पाणी ३० अंशांच्या वर होतं, वादळाला साधारण साडेसव्वीस अंश पुरतात, तेव्हा त्याला खायला कमी नव्हतं.

मग ते अजून का नाही वाढलं? इथे समुद्र पहिल्यांदा उलट हात चालवतो. आंघोळीची बादली आठवा, आधी गार पाणी भरलं आणि वरून गिझरचं गरम सोडलं तर हात लावल्यावर मस्त गरम लागतं, पण तांब्या खोल घालून ढवळलं की कोमट. समुद्र अगदी असाच आहे, वर काही दहा-वीस मीटरचा गरम थर, खाली गार. वादळाचा वारा वरच्या पाण्याला जोरात ओढतो, वरचं पाणी पळतं आणि खालचं जागेवर असतं, त्या दोघांच्या मध्ये घुसळण होते आणि गार पाणी वर मिसळतं. वादळ गेल्यावर सॅटेलाइटच्या फोटोत त्याच्या मार्गावर गार पाण्याचा पट्टा दिसतो, आजूबाजूपेक्षा एक ते तीन-चार अंशांनी कमी. हा पट्टा पण बहुतेक वेळा उजव्या बाजूलाच जास्त असतो, कारण उजवीकडच्या एखाद्या जागेवरून वादळ जाताना तिथल्या वाऱ्याची दिशा घड्याळाच्या दिशेने फिरत जाते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे समुद्राचा प्रवाहसुद्धा आपल्या गोलार्धात घड्याळाच्याच दिशेने फिरतो, मुंबईच्या अक्षांशावर साधारण ३७ तासांत एक फेरी. दोघांची लय जुळली की झोका मोठा होतो, घुसळण जास्त. वादळ निघून गेलं तरी खालचं पाणी कित्येक दिवस असं गोल गोल फिरत राहतं, वर बघणाऱ्याला पत्ताही नसतो.

वादळ भराभर पुढे सरकत असेल तर ते ही गार जागा मागे टाकून पुढे जातं. रेंगाळलं तर स्वतःच गार केलेल्या पाण्यावर बसतं आणि अशक्त होतं. आणि गरम थर मुळातच जाड असेल, पन्नास-साठ मीटरचा, तर कितीही ढवळलं तरी वर गरमच येतं. म्हणून नुसतं पृष्ठभागाचं तापमान बघून वादळाचा अंदाज करणं अपुरं पडतं.

पृथ्वीच्या फिरण्याचा विषय निघालाच आहे तर नान्सेनबद्दल सांगतो. नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने १८९३ मध्ये 'फ्राम' नावाचं जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवलं आणि ते तीन वर्षं बर्फासोबत वाहत गेलं. नान्सेनच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने जात नाहीये, २० ते ४० अंश उजवीकडे जातोय. एकमन नावाच्या तरुणाने त्याचं गणित सोडवलं, १९०५ मध्ये छापलं: वरचा थर थोडा उजवीकडे, त्याखालचा अजून उजवीकडे, असं करत करत सगळ्या थरांची बेरीज घेतली तर पाणी वाऱ्याच्या काटकोनात जातं. दक्षिण गोलार्धात डावीकडे.

आपल्या पावसाळ्याला हे जसंच्या तसं लागू होतं. जूनपासून सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर असा नैर्ऋत्येचा प्रचंड वारा सुरू होतो, दीडेक किलोमीटर उंचीवर त्याचा सगळ्यात जोराचा पट्टा असतो, त्याला फिंडलेटर जेट म्हणतात. पाणी या वाऱ्याच्या उजवीकडे म्हणजे किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं, रिकाम्या जागेत खालून गार पाणी येतं, इतकं की सोमालियाच्या किनाऱ्यावर भर उन्हाळ्यात पाणी २० अंशांच्या आसपास उतरतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः केरळ-कर्नाटकाकडे, वारा किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वाहतो, उजवी बाजू परत समुद्राकडेच, तिथेही गार पाणी वर येतं, त्यासोबत खालचं खत वर येतं, शेवाळ वाढतं आणि तारली-बांगडा त्यावर पोसतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती प्रजनन आणि खवळलेला समुद्र दोन्हीसाठी.

बऱ्याच जणांना वाटतं की जुलैमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ होत नाही कारण पाणी गार झालेलं असतं. काही अंशी असेल, पण मुख्य कारण वेगळं आहे: खाली नैर्ऋत्येचा जोरदार वारा आणि बारा-पंधरा किलोमीटर वर पूर्वेकडून येणारा तितकाच जोरदार वारा. या कात्रीत वादळाचा खांब सरळ उभाच राहू शकत नाही. म्हणून आपली वादळं मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना येतात.

एवढा वारा मोजतात कसा? इस्रोचे ओशनसॅट-२ (२००९) आणि स्कॅटसॅट-१ (२०१६) हे सॅटेलाइट वरून रडारच्या लहरी सोडायचे, आणि त्यांच्यानंतर आलेला ईओएस-०६ (२०२२) तेच काम करतो; या लहरींची लांबी दोन-सव्वादोन सेंटीमीटर, आणि त्या परत फेकल्या जातात त्या नेमक्या बारीक सुरकुत्यांवरून. म्हणजे सॅटेलाइट वारा बघतच नाही, सुरकुत्या बघतो आणि त्यावरून वारा काढतो. यामुळेच वादळाच्या मधोमध तो आंधळा पडायला लागतो, फेसाखाली सुरकुत्या वाढत नाहीत, सिग्नल वाढत नाही, वरून मुसळधार पाऊस मध्ये येतो. फेसाचंच रेडिओ उत्सर्जन मोजणारी दुसरी उपकरणं असतात, पाण्यापेक्षा फेस त्यांना जास्त उजळ दिसतो, ती तिथे कामाला येतात.

शेवटी एका गोष्टीवर दरवर्षी चिडचिड होते ती लिहूनच टाकतो. जून आला की बातम्या येतात, "या पावसाळ्यात मुंबईत इतके दिवस साडेचार मीटरपेक्षा उंच लाटा उसळणार." अरे त्या लाटा नाहीत! ते भरतीचं पाणी आहे, चंद्र-सूर्यामुळे किती वर येणार त्याचं कोष्टक, वर्षभर आधी छापता येतं. लाटा वर्षभर आधी कुणालाच सांगता येत नाहीत कारण वारा सांगता येत नाही. किनाऱ्यावर पाणी किती चढणार ते तीन गोष्टींची बेरीज असते. एक भरती. दुसरं, वादळाने ढकललेलं पाणी, यात हवेचा दाब एक हेक्टापास्कलने (हे दाब मोजायचं एकक) कमी झाला की समुद्र एक सेंटीमीटर फुगतो, म्हणजे ५० ने कमी झाला तर अर्धा मीटर, पण खरा जोर वाऱ्याचा, आणि तो उथळ समुद्रात चालतो, खोल पाण्यात ढकललेलं पाणी खालून परत निघून जातं, उथळ जागी त्याला जायला वाट नसते. १९७० मध्ये बांगलादेशात (तेव्हाचा पूर्व पाकिस्तान) भोला चक्रीवादळात लाखो माणसं गेली ती मुख्यतः यानेच, वर भरतीची वेळ. आणि तिसऱ्या लाटा, या दोन्हीच्या डोक्यावर.

लाटांच्या आकड्यातही एक मेख आहे. हैदराबादच्या इन्कॉईसचा (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) इशारा येतो, "लाटा ४ मीटर." ही सगळ्यांची सरासरी नसते आणि सगळ्यात मोठी लाट पण नसते, सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. उरलेल्या दोन तृतीयांश लाटा त्याहून लहान, आणि काही त्याहून बऱ्याच मोठ्या. हिशोब असा येतो की हजारेक लाटांमध्ये एखादी या आकड्याच्या पावणेदोन-दोन पट असते. दहा सेकंदांच्या लाटा धरल्या तर हजार लाटा यायला तीन तास लागतात, सो ४ मीटरच्या समुद्रात दर तीन तासांनी एखादी साडेसात मीटरची येणार हे धरूनच चालायचं, आणि ती कधी येणार ते कुठलंच मॉडेल सांगत नाही. तीन नंबरचा बावटा लागलेला असताना कठड्यावर उभं राहून रील काढणाऱ्यांनी एवढा गुणाकार करून बघायला हरकत नाही.